अजिंठ्याच्या भिंतीवरील निषादपुत्र : वत्सगुल्मच्या काळातील चित्रकला आणि आपला प्रदेश

वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म आणि ते वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते, हे आपल्या जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. अजिंठ्याची लेणी जगप्रसिद्ध आहेत, हेही त्याला ठाऊक असते. मात्र या दोन गोष्टी एकाच सुताने बांधलेल्या आहेत, हे सहसा कोणी त्याला सांगत नाही. मेहकर, चिखली, बुलढाणा या वाटेने सहलीची गाडी अजिंठ्याला जाते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वासमोर सारे जण क्षणभर स्तब्ध होतात. सव्विसाव्या लेण्यातील महापरिनिर्वाणाचे शिल्प पाहून हात जोडतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. दूरच्या कोणा राजाचे ऐश्वर्य पाहून आलो, अशी भावना मनात राहते. ती भावना किती अपुरी आहे, हे दाखवण्याचा या लेखाचा प्रयत्न आहे. त्यासाठी भव्य मूर्ती बाजूला ठेवून आपण भिंतीवरील काही साध्या माणसांकडे पाहणार आहोत. ती माणसे रानातली आहेत.

आधी वाशिमचे सूत्र. सोळाव्या लेण्याच्या ओवरीबाहेरच्या भिंतीवर एक संस्कृत शिलालेख आहे. ते लेणे वराहदेव नावाच्या सचिवाने कोरवून घेतले आणि भिक्षुसंघाला अर्पण केले. वराहदेव हा वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव, तर त्याचा पिता हस्तिभोज हा हरिषेणाचा पिता देवसेन याचा सचिव होता. दानाची नोंद करण्यापूर्वी वराहदेवाने मूळ पुरुष विंध्यशक्तीपासून वाकाटकांची वंशावळ दिली आहे आणि हरिषेणाच्या संदर्भात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र या देशांची नावे घेतली आहेत. काळाच्या ओघात या लेखातील अक्षरे झिजली. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी तो वाचला, पण वंशावळीतील एका महत्त्वाच्या राजाचे नाव चुकीचे लागले. ती चूक दुरुस्त झाली ती वाशिममुळे. 1939 साली वाशिम येथे एक ताम्रपट उजेडात आला. द्वितीय विंध्यशक्तीने आपल्या सदतिसाव्या राज्यवर्षी वत्सगुल्महून दिलेले ते दानपत्र होते. नांदेड परिसरातील एक गाव त्याने अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याचा मजकूर त्यात आहे. दान कोणाला दिले, हा आपला येथील विषय नव्हे. मोलाचे आहे ते त्यातील वंशवृत्त. त्यातून सर्वसेनापासून सुरू झालेली वत्सगुल्मची स्वतंत्र शाखा इतिहासात प्रथमच स्पष्ट झाली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्या उजेडात अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला आणि पुसट झालेल्या जागी सर्वसेनाचे नाव निश्चित केले. वाशिमच्या मातीत सापडलेल्या पत्र्याने अजिंठ्याच्या दगडाला वाचा फोडली, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरणार नाही.

वाशिमजवळच्या हिस्से बोराळा येथील शिलालेखही याच मालिकेतला. तो देवसेनाच्या काळातला असून त्यावर शके 380, म्हणजे इसवी सन 458 हा काळ आहे. स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा जलाशय बांधल्याची त्यात नोंद आहे. वाकाटकांच्या लेखांत शकवर्ष सहसा आढळत नाही. त्यामुळे अभ्यासकांना हा लेख फार उपयोगी पडतो. आपल्या भागात तळे बांधले जात होते, त्यानंतरच्या एका पिढीच्या आतच अजिंठ्याच्या भिंतींवर गिलावा चढत होता, हे या एका आकड्यावरून कळते.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. हरिषेण बौद्ध राजा होता, असे आपल्याकडील व्याख्यानांत कधीकधी ऐकू येते. वाकाटक राजे वैदिक परंपरेचे होते. सचिव वराहदेवाचे घराणेही ब्राह्मण होते. तरीही त्याने तथागतांसाठी लेणे कोरवले. सतराव्या लेण्याचा दाता हा हरिषेणाचा मांडलिक होता, तर सव्विसावे लेणे बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने करवून घेतले. म्हणजे अजिंठा ही कोण्या एका सम्राटाची देणगी नाही. सचिव, मांडलिक, भिक्षू, व्यापारी अशा अनेकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे तेथे दान दिले. ही गोष्ट मला राजाच्या धर्मापेक्षा अधिक बोलकी वाटते.

दात्यांची नावे दगडावर राहिली. चित्रकारांची राहिली नाहीत. त्यांनी जे केले ते समजून घ्यायचे तर भिंतीपासूनच सुरुवात करावी लागते. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला काळा पाषाण छिन्नीने मुद्दाम खडबडीत ठेवला जाई. त्यावर मातीचा गिलावा बसे. त्या मातीत भाताचा तूस, वनस्पतींचे तंतू, वाळू आणि शेण कालवलेले असे. आपल्या आजी-पणजी कुडाच्या भिंतीला लिंपण करीत, त्याचीच ही प्रगत आवृत्ती. वर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात मिसळलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, पांढरा चुना हे सारे आसपासच्या डोंगरांत आणि चुलीत मिळणारे. निळा तेवढा परदेशी. तो राजावर्त नावाच्या दगडाचा, अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर आलेला. म्हणून निळा रंग हात राखून वापरलेला दिसतो. गावातील मातीचा तांबडा आणि दूरदेशीचा निळा एकाच पदरावर शेजारी शेजारी नांदतात.

या चित्रकारांसमोर नमुने कोण होते? त्यांच्या भोवती वावरणारी माणसे. राजवाड्याची चित्रे काढतानाही त्यांनी राजाराणीबरोबर दासी, चवरी ढाळणारे, हत्तीचे माहूत, पाणक्ये, भिक्षा मागणारे, मुले कडेवर घेतलेल्या बायका यांची गर्दी भिंतीवर आणली. पहिल्या लेण्यात खांबाच्या माथ्यावर झुंजणारे दोन बैल आहेत. पोळ्याच्या दिवशी बैलांची पाठ थोपटणाऱ्या माणसाला त्यांच्या मानेचा ताण वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सोळाव्या लेण्यात, म्हणजे आपल्या वराहदेवाच्या लेण्यात, नंदाच्या प्रव्रज्येची कथा आहे. पती भिक्षू झाल्याची खूण म्हणून त्याचा मुकुट घेऊन सेवक आला आहे आणि ते पाहून सुंदरी कोसळते आहे. पाहणारे तिच्या कललेल्या मानेवर खिळतात. तिला मागून सावरणाऱ्या दासीकडेही पाहावे. मालकिणीचे दुःख आणि स्वतःचे कर्तव्य या दोहोंमध्ये अडकलेली ती दासी चित्रकाराने दुय्यम मानलेली नाही. वर्णाच्या बाबतीतही तसेच: गोरी, गव्हाळ, सावळी, काळी माणसे एकाच दालनात बसलेली आहेत आणि सावळ्या रंगाला कोठेही खालचे स्थान नाही. पहिल्या लेण्यातील एका श्यामवर्ण स्त्रीला पुढच्या काळातील लोकांनी राजकन्याच ठरवून टाकले, इतका तिचा डौल आहे.

आता दहाव्या लेण्याकडे वळू. हे चैत्यगृह अजिंठ्यातील सर्वांत जुन्या लेण्यांपैकी आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातले. म्हणजे हरिषेणाच्याही पाच-सहा शतके आधीचे. त्याच्या दर्शनी कमानीवर वासिठीपुत कटहादि या दात्याचे नाव कोरलेले आहे. याच्या उजव्या भिंतीवर, खांबांच्या रांगेमागे, भारतातील अत्यंत प्राचीन भित्तिचित्रांचे अवशेष आहेत. बहुतेक पर्यटक तेथे थांबत नाहीत, कारण प्रथमदर्शनी तेथे काळसर डागांखेरीज काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की हत्तींच्या पाठी उमटू लागतात. मग धनुष्य. मग घडा घेतलेला एक तरुण.

त्या भिंतीवर दोन जातककथा आहेत. पहिली सुवण्णसामाची, म्हणजे श्यामाची. आपल्याला श्रावणबाळाची गोष्ट माहीत असते. ही तिचीच बहीण. पण जातकातील तपशील मन लावून वाचावा असा आहे. नदीच्या दोन काठांवर निषादांची, पाली भाषेत नेसादांची, दोन गावे होती. निषाद म्हणजे शिकारीवर जगणारे वनवासी. एका गावच्या प्रमुखाचा मुलगा दुकूलक आणि दुसऱ्या गावच्या प्रमुखाची मुलगी पारिका यांचा विवाह झाला. पण दोघांनीही जीवहत्या करण्यास नकार दिला आणि वनात जाऊन तापस झाले. पुढे दोघांची दृष्टी गेली. त्यांचा मुलगा साम हाच बोधिसत्त्व. आंधळ्या आईवडिलांसाठी पाणी आणायला तो नदीवर गेला असता शिकारीला आलेल्या वाराणसीच्या पिलियक्ख राजाचा विषारी बाण त्याला लागला. दशरथाच्या कथेत मुलगा मरतो आणि आईवडील शाप देऊन प्राण सोडतात. जातकात शाप नाही. आईच्या सत्यवचनाच्या बळाने साम उठून बसतो, आईवडिलांना दृष्टी परत मिळते आणि राजा त्या निषादपुत्राकडून धर्माचा उपदेश ऐकतो. शिकार करणारा येथे राजा आहे आणि शिकार सोडलेले घराणे निषादांचे आहे. कोण रानटी आणि कोण सुसंस्कृत, हा प्रश्न कथाकाराने न विचारताच उलटा करून ठेवला आहे.

शेजारची दुसरी कथा षड्दंत हत्तीची. हिमालयातील सरोवराकाठी सहा दातांचा गजराज आपल्या दोन राण्यांसह राहत होता. फुलांनी डवरलेला शालवृक्ष त्याने हलवला तेव्हा एकीच्या अंगावर फुले पडली, दुसरीच्या अंगावर वाळकी पाने आणि मुंग्या. एवढ्याशा कारणाने दुसरीच्या मनात मत्सराने घर केले. ती मेली, वाराणसीची राणी होऊन जन्मली आणि आजाराचे सोंग घेऊन हट्ट धरून बसली की त्या गजराजाचे सुळे मला हवेत. राज्यभरातील शिकारी बोलावण्यात आले, त्यांतून सोणुत्तर निवडला गेला. सात वर्षे, सात महिने, सात दिवस चालून तो सरोवरावर पोहोचला. खड्डा खणून, अंगावर काषाय वस्त्र पांघरून तो लपला आणि त्याने बाण सोडला. हत्ती चवताळून धावला. पण समोर काषाय वस्त्र दिसताच थांबला. सुळे कापणे शिकाऱ्याला झेपेना, तेव्हा जखमी हत्तीने करवत स्वतःच्या सोंडेत घेतली आणि सुळे कापून त्याच्या हाती दिले. ते सुळे पाहून राणीचे काळीज फुटले.

जातकाच्या शब्दांत सोणुत्तर कुरूप आहे. त्याचे राठ शरीर, जखमांचे व्रण, पिवळे दात यांचे वर्णन कथाकाराने रस घेऊन केले आहे. मला ते वर्णन नेहमी थोडे खटकते. नगरातल्या माणसाने रानातल्या माणसाला ज्या नजरेने पाहावे ती नजर त्यात आहे. पाच-सहा शतकांनंतर सतराव्या लेण्यात, हरिषेणाच्या मांडलिकाच्या द्रव्यावर, हीच कथा पुन्हा रंगवली गेली. कमळांच्या तळ्यात हत्ती डुंबत आहेत, भव्य शुभ्र गजराज उभा आहे आणि त्याच्यापुढे शिकारी नमला आहे. चित्रकाराने शिकाऱ्याच्या आयुष्यातला नेमका कोणता क्षण निवडला, हे पाहण्यासारखे आहे. हुकूम राणीचा होता, मजुरी शिकाऱ्याची होती, आणि आपण काय केले हे त्या जागी सर्वांत आधी त्याला उमगले. राणीला ते उमगण्यासाठी सुळे राजवाड्यात पोहोचावे लागले. सामाची कथाही सतराव्या लेण्यात पुन्हा आली आहे. इतक्या शतकांच्या अंतराने दोन वेगळ्या पिढ्यांच्या चित्रकारांना, वेगळ्या दात्यांच्या पैशावर, वनवासी माणसाच्या याच दोन कथा भिंतीवर हव्याशा वाटल्या. हा योगायोग मानायला मी तयार नाही. अजिंठ्याचा डोंगर तेव्हा अरण्यात होता. वाघोरा नदीच्या त्या वळणावर येणाऱ्या भिक्षूला, पाथरवटाला आणि रंगाऱ्याला वाटेत जी माणसे भेटत, त्यांत मध, लाकूड, डिंक, शिकार आणणारे वनवासी असणारच.

ते आजच्या कोणत्या जमातीचे पूर्वज, हे सांगण्याचा मोह टाळलेला बरा. वाशिम-पुसद-हिंगोलीच्या पट्ट्यात आंध समाज आहे. वाशिम-अकोल्याच्या माळांवर फासेपारधी आहेत. चित्रातील शिकारी म्हणजे हेच, असे म्हणण्यास पुरावा नाही. पण नजरेची तुलना करता येते. ज्या पारध्याला इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सोय केली, ज्या जमातींवरचा तो शिक्का स्वतंत्र भारतात 1952 साली कायद्याने पुसला तरी गावाच्या नजरेतून गेला नाही, त्यांच्याकडे पाहण्याची आणखी एक रीत या मातीत दोन हजार वर्षांपूर्वी होती. तिने निषादाच्या घरी बोधिसत्त्वाला जन्म दिला. आपल्या भागातील निवासी शाळांत आंध, पारधी, बंजारा अशा सर्व घरांतील मुले एका पंगतीला बसतात. त्यांतील एखादा मुलगा दहाव्या लेण्यात उभा असेल, तेव्हा त्याला ही कथा सांगणारे कोणी शेजारी असावे, असे मला फार वाटते.

नागांचीही गोष्ट तशीच. 15 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी नागपूरच का निवडले, हे सांगताना बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचे स्मरण केले. अजिंठ्यात पहिल्या लेण्यात चंपेय्य आणि शंखपाल या जातकांची चित्रे आहेत. दोन्हींत बोधिसत्त्व नागराजाच्या रूपात आहे. वराहदेवाच्या सोळाव्या लेण्याकडे जाताना प्रवेशाशी दोन हत्ती आणि पायऱ्यांच्या वाटेवर बसलेला नागराज भेटतो. लेण्याच्या शिलालेखातही नागेंद्राच्या निवासाचा उल्लेख आहे. आणि अनसिंगकरांसाठी एक लहानसे विषयांतर. आपल्या गावाचे नाव लोक शृंगऋषींशी जोडतात. त्या ऋषीची कथा जातकांतही इसिसिंग या नावाने येते. अलंबुसा आणि नळिनिका ही ती जातके. एकच लोककथा वेगवेगळ्या परंपरांच्या अंगणांत कशी खेळत राहते, याचे उदाहरण शोधायला आपल्याला गावाबाहेर जावे लागत नाही.

या चित्रांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. 1819 मध्ये जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी लेण्यांपर्यंत पोहोचला आणि त्याने दहाव्या लेण्यातच आपले नाव कोरून ठेवले. मेजर रॉबर्ट गिल याने अजिंठ्यात वर्षानुवर्षे राहून नकला केल्या. त्यांतील बहुतेक 1866 मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतील अनेक 1885 मध्ये लंडनच्याच संग्रहालयात जळाल्या. त्यानंतर लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार हे तरुण चित्रकार आले. निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलावून गिलावा सावरला, पण त्यांनी दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला. जॉन स्मिथनंतर आलेल्या आपल्या लोकांनीही भिंतींवर आपापली नावे खरडली आहेत, हे लिहिताना लाज वाटते. दहाव्या लेण्यातील चित्रांना सर्वाधिक इजा या खरडण्यानेच झाली असावी.

माजी विद्यार्थी आणि पालक आता स्वतःच्या गाड्यांनी अजिंठ्याला जातात, म्हणून शेवटी एक सूचना. क्रमांक एकपासून सव्वीसपर्यंत धावत जाऊ नये. प्रथम सोळाव्या लेण्याच्या ओवरीत जावे आणि वत्सगुल्मच्या सचिवाचा शिलालेख पाहावा. अक्षरे लागली नाहीत तरी चालेल, मुलांना बोटाने जागा दाखवावी. मग शेजारच्या सतराव्यात षड्दंत शोधावा. तेथून मागे येऊन दहाव्यात शिरावे. खांबांवर बुद्धांच्या ज्या आकृती दिसतात त्या वाकाटककाळच्या. त्यांच्या मागच्या भिंतीवर सातवाहनकाळ आहे, आणि तेथे बुद्ध मनुष्यरूपात नसून बोधिवृक्षाच्या रूपात आहेत. उजव्या हाताला स्तूपाच्या दिशेने हळूहळू चालावे. फ्लॅश वापरू नये, भिंतीला हात लावू नये. दहा मिनिटे तरी थांबावे लागते. त्यानंतर त्या काळसर भिंतीतून आधी हत्ती बाहेर येतात, आणि बऱ्याच वेळाने, घडा घेतलेला तो मुलगा.